लेन्सला ऊन दाखवताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवण्याआधी त्यांना ऊन दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. गाद्या, उशा, बाळाची दुपटी, लोणच्याची धुतलेली बरणी, सगळ्यांना एकदा ऊन दाखवलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना बरं वाटतं. उन्हाने ओल जाते, कीड मरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. आज मी ज्या वस्तूला ऊन दाखवण्याविषयी बोलणार आहे, ती मात्र अंगठ्याच्या नखाएवढी आणि कागदासारखी पातळ आहे. ती म्हणजे डोळ्यात घालायची कॉन्टॅक्ट लेन्स.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. तिथली एक विद्यार्थिनी ऐन पावसाळ्यात अचानक वर्गात यायची बंद झाली. चौकशी केली तेव्हा कळलं, डोळ्याला जंतुसंसर्ग झालाय. ती वसतिगृहात राहायची. लेन्स ठेवायची डबी रोज नळाखाली खळबळून घ्यायची आणि कधी सोल्युशन संपलं असेल तर लेन्सही नळाच्याच पाण्याने धुवायची. त्या पाण्यातला अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव तिच्या डोळ्यात गेला होता. काही महिने तासातासाला थेंब, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं आणि सहन न होणारी वेदना. डोळा वाचला, पण त्यात फूल पडलं. उसाचं पातं किंवा भाताचं तूस लागून डोळ्यात फूल पडल्याची उदाहरणं आपल्या खेड्यापाड्यांत नवी नाहीत. वसतिगृहातल्या मुलीच्या डोळ्यात ते नळाच्या पाण्यामुळे पडलं, एवढाच फरक.

पुढच्या वर्षी ती परत आली आणि प्रकल्पासाठी विषय सुचवायची वेळ आली तेव्हा तिनेच मला विचारलं, "सर, स्वतःच स्वतःचे जंतू मारणारी लेन्स का करत नाहीत?" मी उत्साहाने म्हणालो, "अगं, का नाही करता येणार? टिटॅनियम डायऑक्साइडचा लेप द्यायचा आणि ऊन दाखवायचं!" माझ्या त्या उत्तरात किती खरं होतं आणि किती घाई होती, ते आज सांगायचं आहे.

हा टिटॅनियम डायऑक्साइड आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. पांढऱ्या रंगाच्या डब्यात तो असतो, काही टूथपेस्टमध्ये असतो, उन्हापासून बचावासाठी लावायच्या मलमात असतो. तो ज्या खनिजांपासून मिळवतात त्यांतलं एक इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळवेभोर वाळूचे पट्टे दिसतात, त्यांत हे इल्मेनाइट असतं. काळ्या वाळूतून इतकी शुभ्र पूड निघते, हेच मुळात नवल.

पण या पुडीचा एक गुण बराच काळ खोडी म्हणूनच ओळखला जात होता. पांढरा ऑइलपेंट दिलेलं जुनं फाटक आठवा. चार-पाच उन्हाळे गेले की त्याला टेकणाऱ्याच्या कपड्यांना पांढरी भुकटी लागते. ऊन पडलं की रंगातले टिटॅनियम डायऑक्साइडचे कण आजूबाजूच्या तेलाला, म्हणजे ज्याने त्यांना धरून ठेवलेलं असतं त्यालाच, हळूहळू जाळून टाकतात. मग कण सुटे होतात आणि हाताला लागतात. म्हणून रंगाचे कारखानदार या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं पातळ कवच चढवतात.

या खोडीचा उपयोग होऊ शकतो हे दाखवलं जपानी शास्त्रज्ञांनी. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. पाण्यात बुडवलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रखर प्रकाश टाकला की पाण्याचं विघटन होऊन वायूचे बुडबुडे येतात, असं त्यांना दिसलं. १९७२ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. पुढे १९८५ साली जपानमधल्याच मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचा अंश असलेल्या अशा पुडीवर प्रकाश टाकून जिवाणू आणि यीस्ट मारून दाखवले. मग १९९० च्या दशकात जंतुरोधक टाइल्स आल्या आणि २००१ साली ब्रिटनमध्ये स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच बाजारात आली. या सगळ्यामागच्या क्रियेला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता दुसऱ्याची रासायनिक क्रिया घडवून आणतो. इथे त्याला कामाला लावायला प्रकाश लागतो, एवढंच.

हे घडतं कसं? टिटॅनियम डायऑक्साइडच्या कणावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की आतला एक इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पातळीवर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते. त्या रिकाम्या जागेपाशी पाण्याचा रेणू आला की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन प्राणवायूला जाऊन मिळतो आणि तोही चळतो. मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा. समोर जे येईल त्याच्याकडून तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. समोर जिवाणू असला तर त्याच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ आधी फाटतात, मग आतलं द्रव्य गळून जातं. एवढंच नाही, तर मेलेल्या जिवाणूचे विषारी अवशेषही मोडले जातात, असं १९९८ साली टोकियोतल्या संशोधकांनी दाखवलं. चांदीसारख्या जंतुनाशकाने जंतू मरतो, पण त्याचं कलेवर तिथेच राहतं. प्रकाश-उत्प्रेरणात कलेवराचीही विल्हेवाट लागते. शिवाय हा मारा कोणत्या एका जातीच्या जंतूंपुरता नसतो, त्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतूही त्यातून सहज सुटत नाहीत.

आता लेन्सकडे येऊ. आपण आज वापरतो त्या मऊ लेन्सचं श्रेय प्रागच्या ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाला जातं. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक त्यांनी शोधलं होतं, पण त्याची लेन्स नीट घडत नव्हती. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले तुकडे आणि सायकलच्या दिव्याचा डायनॅमो वापरून एक फिरतं यंत्र जुळवलं आणि त्यावर मऊ लेन्स घडवल्या. त्या प्लॅस्टिकमध्ये वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी असतं. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या, त्यांतून प्राणवायू कितीतरी जास्त जातो. हे महत्त्वाचं आहे, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, रक्तवाहिन्या नसतात. तो आपला प्राणवायू मुख्यतः हवेतूनच घेतो.

प्राणवायूचा प्रश्न बराचसा सुटला, तसा जंतूंचाही सुटेल अशी आशा होती. ती फोल ठरली. मऊ लेन्स दिवसा वापरून रात्री काढून ठेवणाऱ्या दर १०,००० जणांमध्ये वर्षाला साधारण २ ते ४ जणांना कॉर्नियाचा गंभीर जंतुसंसर्ग होतो. लेन्स घालूनच झोपणाऱ्यांमध्ये हाच आकडा २० च्या आसपास जातो, आणि सिलिकॉनच्या नव्या लेन्सनीही तो खाली आला नाही. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं, तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो. तसाच थर लेन्सच्या डबीत धरतो आणि त्याच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत सोल्युशन नीट पोचत नाही. २००६ साली सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत फ्युझेरियम नावाच्या बुरशीने लेन्स वापरणाऱ्यांचे डोळे बिघडले. एकट्या अमेरिकेत अशा १६४ रुग्णांची निश्चिती झाली आणि ज्या सोल्युशनशी या साथीचा संबंध दिसला, ते जगभरातून मागे घ्यावं लागलं.

तेव्हा जंतूंना थाराच न देणारी लेन्स हवी, हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यावर जगात अनेक ठिकाणी काम चालू आहे. कोणी चांदी वापरून पाहतं, कोणी जंतुरोधक प्रथिनांचे लहान तुकडे लेन्सला चिकटवून पाहतं. टिटॅनियम डायऑक्साइडचा लेप हा त्यांतलाच एक मार्ग.

आम्ही एक साधा प्रयोग केला. मिथिलीन ब्लू नावाच्या रंगाचं निळं पाणी घेतलं. दोन बश्यांमध्ये त्या पाण्यात टिटॅनियम डायऑक्साइडची पूड घातली, तिसरीत नुसतं निळं पाणी ठेवलं. पूड घातलेली एक बशी आणि नुसत्या पाण्याची बशी गच्चीवर उन्हात ठेवली, उरलेली कपाटात. दुपारपर्यंत उन्हातल्या पुडीच्या बशीचा रंग उडाला. नुसत्या पाण्याची बशी फारशी फिकी पडली नाही. मी खूश झालो. ती मात्र कपाटातली निळीच राहिलेली बशी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, पापणी मिटली की डोळा म्हणजे कपाटच की."

श्रोतेहो, या एका वाक्यात त्या संशोधनाची सगळ्यात मोठी अडचण आली. लेन्सला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज असते ती झोपेत. तेव्हा पापण्या मिटलेल्या असतात, प्राणवायू कमी असतो आणि अश्रूंनी डोळा धुवून निघत नाही. आणि नेमका तेव्हाच हा पहारेकरी गाढ झोपलेला असतो, कारण त्याला प्रकाश नाही.

बरं, जागेपणी तरी? ज्या रूपातला टिटॅनियम डायऑक्साइड यासाठी वापरतात, त्याला ३८८ नॅनोमीटरहून कमी लांबीच्या लहरींचा प्रकाश लागतो, म्हणजे अतिनील किरण. घरातल्या दिव्यांतून ते जवळजवळ मिळतच नाहीत. उन्हात मिळतात, पण तेच किरण कॉर्नियाला इजा करतात, म्हणून कित्येक लेन्समध्ये ते अडवणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. म्हणजे ज्याच्या जोरावर पहारेकरी जागणार, त्यालाच दारात अडवायचं. २००१ साली जपानमधल्या संशोधकांनी या पुडीत नायट्रोजन मिसळून तिला निळसर दृश्य प्रकाशातही काम करायला लावलं. त्यामुळे वाट उघडली, पण दृश्य प्रकाशातली ही क्रिया बरीच मंद असते.

दुसरी अडचण लेप देण्याची. खिडकीच्या काचेवर हा थर भट्टीतल्या उष्णतेत बसवतात. टिटॅनियम डायऑक्साइडचा चांगला स्फटिक जमायला सहसा ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ओल्या, मऊ लेन्सचा तिथे कोळसा होईल. म्हणून आधीच तयार केलेले अतिसूक्ष्म स्फटिक द्रवात मिसळून ते लेन्सवर बसवणं, किंवा द्रावणातूनच थंड तापमानाला पातळ थर जमू देणं, असे उपाय करतात. पण लेन्स पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते, दोन बोटांत दुमडते. तिच्यावरचा थर चिनीमातीच्या जातीचा, म्हणजे ठिसूळ. रुमालावर रंगाचा जाड थर दिला आणि रुमालाची घडी घातली तर काय होईल? तसाच तो तडकतो. त्याचे कण डोळ्यात सुटले तर उपायापेक्षा अपाय मोठा. म्हणून थर फार पातळ हवा. तो पातळ हवा याला दुसरंही कारण आहे. लेन्सचा अपवर्तनांक सुमारे १.४, तर टिटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.५. थर जाड झाला तर प्रकाश परावर्तित होऊन लेन्स चमकायला लागेल आणि दिसणं बिघडेल.

तिसरी अडचण फाटकाची. ज्या मूलकाने जिवाणू फाटतो, तो लेन्सच्या प्लॅस्टिकला सोडेल का? त्याला आपपर कळत नाही. ऑइलपेंटच्या तेलाचं जे होतं, ते लेन्सचंही हळूहळू होऊ शकतं. म्हणून लेप आणि लेन्स यांच्यामध्ये अंतरपाट धरल्यासारखा सिलिकासारख्या अक्रिय पदार्थाचा थर द्यावा लागतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हायड्रॉक्सिल मूलकाचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतकं अल्प असतं. जन्मल्या जागेपासून तो काही नॅनोमीटरपलीकडे जातच नाही. त्यामुळे प्रकाश बंद केला की थोड्याच वेळात लेन्सवर घातक असं काही उरत नाही.

या साऱ्याचा विचार केला की लक्षात येतं, लेन्सला ऊन दाखवायची जागा डोळा नव्हे. ती जागा म्हणजे डबी. डबीच्या आतल्या भिंतींना टिटॅनियम डायऑक्साइडचा लेप असावा, झाकणात अतिनील प्रकाशाचा लहानसा एलईडी असावा, रात्री लेन्स आत ठेवून झाकण लावलं की दिवा लागावा. प्रकाश डबीबाहेर पडत नाही, डोळ्याचा संबंध येत नाही, आणि जो बुळबुळीत थर सगळ्या अनर्थाचं मूळ, त्याच्यावरच घाव बसतो. उत्प्रेरकाला डबीत जागा देण्याची कल्पना नवीनही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने लेन्स स्वच्छ करायची एक पद्धत आहे. तिच्या खास डबीत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. ३ टक्के पेरॉक्साइड आधी जंतू मारतं आणि मग साधारण सहा तासांत त्या चकतीमुळे त्याचं पाणी आणि प्राणवायू होऊन जातं. प्लॅटिनमला प्रकाश लागत नाही, टिटॅनियम डायऑक्साइडला लागतो, इतकाच भेद.

तरीही सावध राहायला हवं. सोल्युशनमधलं जंतुनाशकही सेंद्रिय द्रव्यच असतं. प्रकाश-उत्प्रेरणात त्याचाही भुगा होणार नाही ना, हे तपासावं लागेल. आणि ज्या अमीबाने त्या मुलीच्या डोळ्यात फूल पाडलं, तो अडचणीत सापडला की स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो. ऊन आणि टिटॅनियम डायऑक्साइड वापरून पाणी जंतुमुक्त करण्याचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जिवाणू मेले, बुरशी मेली, हिंडता-फिरता अकॅन्थअमीबाही मेला. कवचातला मात्र तगून राहिला. म्हणजे तिच्या डबीत हा लेप असता, तरी नळाचं पाणी वापरल्यावर तो तिला वाचवू शकला असता, असं मी म्हणू शकत नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सर, आधी पाण्याचंच सांगायला हवं होतं कुणीतरी."

ते सांगण्याचं काम आज करतो. हे लेप अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. ते आपल्या हाती येतील तेव्हा येतील. तोवर, आणि आल्यानंतरही, काही नियमांना पर्याय नाही. लेन्सला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. लेन्स किंवा डबी यांना पाणी लावू नका. नळाचं नाही, विहिरीचं नाही, गाळलेलं किंवा उकळलेलंही नाही. त्यांच्यासाठी फक्त सोल्युशन. कालच्या सोल्युशनवर आजचं ओतू नका, जुनं टाकून द्या. सकाळी डबी रिकामी करून, सोल्युशनने धुऊन, स्वच्छ टिश्यूने पुसून पालथी ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी नवी घ्या. लेन्स घालून झोपू नका, पोहू नका, अंघोळ करू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना लेन्स आणि डबी बरोबर न्या, कारण कोणता जंतू आहे हे त्यांतून कळू शकतं. मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. लाली कमी होते, माणूस निर्धास्त होतो आणि आत जंतू वाढत राहतो. काही जिवाणू एक-दोन दिवसांतच कॉर्निया पोखरून टाकतात.

त्या मुलीने आपला प्रकल्प पूर्ण केला. शेवटच्या पानावर तिने निष्कर्ष लिहिला होता, 'प्रकाश पोचतो तिथेच हा लेप काम करतो.' त्याखाली डबी कशी स्वच्छ ठेवावी याची यादी होती. परीक्षकांनी विचारलं, या यादीचा रसायनशास्त्राशी काय संबंध? ती म्हणाली, "सर, जिथे प्रकाश पोचत नाही तिथे ही यादी काम करते." मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.